पन्नाशीनंतरचं टेस्टोस्टेरॉन: ताटातून काय साधतं, काय साधत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५४, वजन ८२ किलो, कमरेचा घेर १०२ सेंटीमीटर, साखर सीमारेषेवर. थकवा असतो, कामेच्छा कमी झाली आहे. हेल्थ पॅकेजमध्ये दुपारी तीन वाजता काढलेल्या रक्तात टोटल टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) २९० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं. घरातून आणि मित्रांकडून कांदा, मेथी, डाळिंब, अश्वगंधा, डिंकाचे लाडू असं सगळं सुचवलं जातंय. इंजेक्शन नको आहे. खाण्यातून काय करता येईल?

बरंच करता येईल, पण आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. ज्याचं टेस्टोस्टेरॉन वयाच्या मानाने ठीक आहे, त्याचं आणखी वाढवणारा पदार्थ नाही. कशामुळे तरी दबून राहिलेलं टेस्टोस्टेरॉन मोकळं करणं, एवढं काम आहार करतो. दाबणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन आहेत: पोटातली चरबी, झिंक आणि प्रथिनांची तूट, आणि उपासमार किंवा तेल-तूप पार बंद करणं. तुमच्या आकड्यांवरून पहिली गोष्ट सगळ्यात मोठी दिसते.

त्याआधी रिपोर्टबद्दल. दुपारी तीनचा, जेवणानंतरचा आकडा निर्णयासाठी निरुपयोगी आहे. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं. शिवाय खाल्ल्यावरही ते पडतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर ते सरासरी २५ टक्क्यांनी खाली येतं असं मोजलं गेलं आहे. त्यामुळे रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्या. त्याच सकाळी ग्लुकोज पिऊन साखरेची चाचणी असेल, तर टेस्टोस्टेरॉन पहिल्या, उपाशीपोटीच्या नमुन्यातूनच करायला सांगा. ताप, सर्दी, जागरण यानंतरच्या आठवड्यात चाचणी करू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तीन दिवस आधी थांबवा. अनेक लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं. पहिला आकडा कमी आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासायचं. दोन्ही सकाळी ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल आणि लक्षणंही असतील, तरच त्याला कमतरता म्हणायचं. दुसऱ्या वेळी एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारी रक्तातली प्रथिनं), एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन) आणि प्रोलॅक्टिन (पिट्युटरी ग्रंथीचं आणखी एक हार्मोन) यांच्या चाचण्याही करून घ्या. पोट सुटलेल्या माणसात एसएचबीजी हे वाहक प्रथिन कमी होतं, त्यामुळे टोटल आकडा कमी दिसतो, पण शरीराला वापरता येणारं फ्री टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. युरोपात ४० ते ७९ वयाच्या पुरुषांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. लक्षणं आणि कमी आकडे दोन्ही असलेले पुरुष जेमतेम २ टक्के निघाले. थकवा आला की टेस्टोस्टेरॉनच कमी झालं, असं धरून चालू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि झोप यांची चौकशी सोबतच व्हायला हवी.

आता पोट. चरबीच्या पेशींत अ‍ॅरोमटेझ नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. इन्शुलिनला शरीर दाद देईनासं झालं की यकृत एसएचबीजी कमी बनवतं. चरबीतून येणारे संदेश आणि वाढलेलं इस्ट्रोजेन मेंदूकडून येणारा एलएचचा हुकूमही मंदावतात. म्हणजे वृषण धडधाकट असूनही त्यांना काम करायला सांगणारंच कोणी नसतं. टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांत साधारण तिघांपैकी एकात असं कमी टेस्टोस्टेरॉन आढळलं आहे. यातली आशादायक बाजू अशी की हे उलटवता येतं. वजन कमी करण्याच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये झालं. केवळ आहारातून वजनाच्या सुमारे दहा टक्के उतरवलेल्या पुरुषांत टोटल टेस्टोस्टेरॉन सरासरी ८० नॅनोग्रॅमच्या आसपास वाढलं. कुठल्याही बी, पाल्याने किंवा चूर्णाने इतका भरवशाचा फरक दाखवलेला नाही. तुमच्यासाठी हे दहा टक्के म्हणजे आठ किलो. घेर ९० सेंटीमीटरच्या खाली आणायचा; भारतीय पुरुषांसाठी हीच मर्यादा धरतात. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर लावा. पॅन्टचा नंबर म्हणजे घेर नव्हे, कारण पॅन्ट पोटाच्या खाली बांधली जाते.

आपल्याकडचं पोट बहुधा जेवणापेक्षा जेवणाच्या आजूबाजूच्या गोष्टींतून वाढतं. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर चहातूनच. सकाळी नुसते पोहे किंवा उपमा, संध्याकाळी फरसाण, रात्री दहाला दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी: साबुदाण्यात स्टार्चशिवाय जवळजवळ काही नाही, शेंगदाणे सोडले तर प्रथिन नाही. या जागा आधी बदला. चहा दोन कप, साखर अर्धा चमचा. भात एका वेळी, शिजवलेला एक वाटी. रात्रीचं जेवण आठच्या आत, म्हणजे झोपही लवकर लागते. तरुण पुरुषांना आठवडाभर रोज पाच तासच झोपू दिलं तेव्हा त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं होतं. घोरणं मोठं असेल, मध्येच श्वास अडकत असेल, तर त्याची तपासणी करून घेतल्याशिवाय नुसत्या आहारावर भिस्त ठेवू नका.

वेग महत्त्वाचा आहे. आठवड्याला अर्धा किलो पुरे. त्यासाठी रोजच्या खाण्यातून ४०० ते ५०० कॅलरी कमी कराव्या लागतात. इथे बहुतेकांचं जे चुकतं ते असं: एकदाच जेवायचं, पंधरा दिवस नुसतं सूप, किंवा भाकरी-भात-तेल सगळं एकदम बंद. शरीर याला दुष्काळ समजतं. एलएच पडतं, टेस्टोस्टेरॉन पडतं आणि उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो. सोळा तास उपाशी राहून आठ तासांत जेवण्याची पद्धत सडपातळ, व्यायाम करणाऱ्या तरुणांत तपासली तेव्हा आठ आठवड्यांत त्यांचं टेस्टोस्टेरॉन कमीच झालं होतं. पोट सुटलेल्या माणसाला ती पद्धत वजनासाठी उपयोगी पडू शकते, पण प्रथिनं पुरी पडत असतील आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनांचा व्यायाम असेल तरच. उठाबशा, भिंतीवरचे जोर, पाण्याने भरलेल्या पाच लिटरच्या कॅनने सुरुवात केली तरी चालेल.

झिंकबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या जेवणाशी त्याचा थेट संबंध आहे. झिंक माणसाला अत्यावश्यक आहे हे लक्षात आणून दिलं ते मूळचे बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद यांनी. इराणमधल्या शिराझ इथे त्यांना असे तरुण दिसले की ज्यांची उंची खुंटली होती आणि वयात येण्याची लक्षणंच नव्हती. त्यांचा आहार म्हणजे जवळजवळ फक्त न आंबवलेल्या पिठाची रोटी. ते वर्णन १९६१ मध्ये छापून आलं आणि पुढे इजिप्तमधल्या कामात झिंकची कमतरता सिद्ध झाली. धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य झिंकला धरून ठेवतं आणि ते आतड्यातून शोषलं जात नाही. १९९६ मध्ये प्रसाद यांनीच झिंकची थोडी कमतरता असलेल्या वयस्कर पुरुषांना सहा महिने झिंक दिलं, तेव्हा टेस्टोस्टेरॉन सरासरी २४० वरून ४६० पर्यंत गेलं. गट अगदी छोटा होता, तेव्हा हा आकडा स्वतःला लावून पाहू नका. उलट ज्यांच्या शरीरात झिंक पुरेसं आहे त्यांना ते जादा दिल्याने काही वाढत नाही, हेही तपासून झालं आहे.

भारतीय पुरुषासाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) झिंकची शिफारस रोज १७ मिलिग्रॅम ठेवली आहे. ती पाश्चात्त्य देशांपेक्षा बरीच जास्त आहे, कारण आपल्या पोळी-भाकरी-डाळीच्या जेवणातून त्याचा थोडाच भाग अंगी लागतो. त्यामुळे दोन कामं करायची: झिंक असलेलं खाणं वाढवायचं आणि फायटेट कमी करायचं. तीळ आणि लाल भोपळ्याच्या बिया यांत शंभर ग्रॅमला सात-आठ मिलिग्रॅम झिंक असतं, काजूत साधारण साडेपाच, मटणात चारच्या आसपास, शेंगदाणे आणि हरभऱ्यात तीन-सव्वातीन. मटणातलं झिंक सहज शोषलं जातं. कोकण-गोव्यातली कालवं या सगळ्यांच्या पुढे आहेत, पण ती स्वच्छ खाडीतली हवीत आणि पूर्ण शिजवलेलीच खा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर कच्ची कालवं जिवावर बेतू शकतात.

फायटेट मोडण्याची कला आपल्या स्वयंपाकात आहेच. मटकी दहा-बारा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, पाणी पूर्ण निथळल्यावर फडक्यात बांधून मोड येईपर्यंत ठेवा. उन्हाळ्यात बारा-पंधरा तास पुरतात, थंडीत दीड दिवस लागतो. बुळबुळीत झाली किंवा वास आला तर पाणी नीट निथळलेलं नव्हतं, ती टाकून द्या. या वयात मोड कच्चे खाऊ नका, उसळ करा. नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवा आणि सकाळी शिजवून आंबील करा. आंबटपणात पिठातलं एन्झाइम काम करतं आणि फायटेट फुटतं. डोसा, आंबोळी, इडली यांचा फायदाही हाच. नुसत्या झटपट पिठात इनो घालून फुगवलेल्या डोशात हे घडत नाही, तो फक्त जाळीदार होतो.

झिंकची गोळी घ्यावी का? शाकाहार, जुना जुलाब, पोटाची शस्त्रक्रिया, मद्यपान किंवा वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्या असतील तर डॉक्टर १५ ते २५ मिलिग्रॅम झिंक दोन-तीन महिने देऊ शकतात. लेबल वाचताना घोटाळा होतो: २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटच्या गोळीत प्रत्यक्ष झिंक ५० मिलिग्रॅम असतं. प्रौढासाठी वरची मर्यादा रोज ४० आहे. महिनोन् महिने त्यापुढे गेलं की शरीरातलं तांबं कमी होतं, रक्तक्षय होतो, पाय बधिर होऊ लागतात, आणि तो बधिरपणा मधुमेहाच्या खात्यावर टाकला जातो. जास्त मात्रेची लोहाची गोळी आणि झिंक उपाशीपोटी एकत्र घेऊ नका, दोघं एकमेकांचा रस्ता अडवतात.

पन्नाशीत हृदयाच्या भीतीने तेल-तूप पूर्ण सोडणारे बरेच असतात. कमी चरबीच्या आहारावर ठेवलेल्या पुरुषांच्या काही लहान चाचण्या एकत्र केल्या तेव्हा टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी कमी दिसलं. याचा अर्थ ताटावर तुपाची धार धरा असा नाही. एकूण उष्मांकाच्या २५ ते ३० टक्के स्निग्धांश असावा. स्वयंपाकाचं तेल-तूप माणशी रोज पाच-सहा चहाचे चमचे, म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो पुरे. शेंगदाणा किंवा करडईचं तेल, भाकरीवर चमचाभर तूप, सोबत शेंगदाणे, तीळ, मासे. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल टाळा. टेस्टोस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासून बनतं हे खरं, पण लागणारं कोलेस्टेरॉल शरीर स्वतः तयार करतं. जास्त पिवळे बलक खाल्ले म्हणून हार्मोन जास्त बनत नाही. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर या कारणासाठी ती कधीही बंद करू नका.

ड जीवनसत्त्वाचं चित्र तितकं स्पष्ट नाही. २०११ च्या एका चाचणीत वजनदार पुरुषांना वर्षभर ते दिल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढलं, नंतरच्या चाचण्यांत तसं दिसलं नाही. रक्तात २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर ते भरून काढाच, पण हाडं आणि स्नायूंसाठी. ६०,००० युनिटचं पाकीट साधारणपणे आठवड्याला एक, आठ आठवडे, जेवणानंतर दिलं जातं. तेच पाकीट वर्षभर आपल्या मनाने घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना धोका होतो. बांगडा, तारली आणि अंड्याचा बलक यांतून थोडं मिळतं.

आता ज्यांची नावं तुम्हाला सुचवली गेली ते पदार्थ. कांदा-लसूण जेवणात उत्तम, पण कांद्याने टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे पुरावे मुख्यतः उंदरांवरचे आहेत. डाळिंब रक्तवाहिन्यांसाठी चांगलं. फळ खा, साखर घातलेला रस नको. मेथीच्या काही चाचण्यांत फरक दिसला, पण त्या कारखान्यात काढलेल्या विशिष्ट अर्काच्या होत्या, भिजवलेल्या दाण्यांच्या नव्हत्या. मेथीदाणे साखरेला मदत करतात, म्हणून एक चमचा घ्यायला हरकत नाही; मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर खाली जात नाही ना हे पाहत राहा. अश्वगंधेची बाजू त्यातल्या त्यात बरी आहे: ४० ते ७० वयाच्या, वजन जास्त असलेल्या पुरुषांच्या एका चाचणीत आठ आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन १४-१५ टक्के जास्त वाढलं. पण तिच्यामुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत आणि थायरॉइडचे आकडेही ती वाढवू शकते. घ्यायचीच असेल तर आधी यकृताची तपासणी, मग दोन महिने, मग थांबणं. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी बंद. गोखरूने माणसांत टेस्टोस्टेरॉन वाढत नाही, हे अनेक चाचण्यांत दिसलंय. डिंकाचा एक चाळीस ग्रॅमचा लाडू दोनशे कॅलरींच्या जवळ जातो. ज्याला आठ किलो उतरवायचे आहेत त्याच्यासाठी तो औषध नाही.

'पॉवर'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल मात्र कडक शब्दांत टाळा. अशा मालात सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) न सांगता मिसळलेलं अनेकदा पकडलं गेलं आहे. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब त्यामुळे एकदम कोसळतो आणि जीव जाऊ शकतो.

सोयाबद्दलची भीती मनातून काढून टाका. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात सोयाने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी झालं नाही. रोज सुमारे तीन लिटर सोया दूध पिणाऱ्या एका साठ वर्षांच्या माणसाची छाती वाढल्याची नोंद आहे, ती त्या मात्रेची कथा. ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत १५ ग्रॅम प्रथिन मिळतं, आणि शाकाहारी घरात ती मोठी सोय आहे. जपायचं ते ज्येष्ठमधाला. रोजच्या काढ्यात किंवा चहात ते भरपूर घालणाऱ्यांत रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं, आणि एका लहान अभ्यासात टेस्टोस्टेरॉनही कमी झालं होतं. घसा बसला म्हणून दोन दिवस कांडी चघळली तर काही होत नाही. दारूचं सांगायचं तर रोजचे तीन-चार पेग वृषण आणि यकृत दोन्हींवर घाव घालतात. तिथे बियांचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

तुमच्यासाठी एका दिवसाचं ताट असं मांडता येईल. सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी आणि दोन उकडलेली अंडी. अंडी नसतील तर पनीर ७० ग्रॅम. दुपारी ज्वारी किंवा बाजरीच्या दोन भाकऱ्या, ५० ग्रॅम कोरड्या मटकीची मोडाची उसळ, पालेभाजी, चमचाभर तिळाची चटणी, वाटीभर दही. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया मिळून ३० ग्रॅम, सोबत पेरू. रात्री दोन मध्यम बांगडे तव्यावर किंवा कालवणात, नाहीतर सोया वड्यांची भाजी. घट्ट वरण आणि एक वाटी भात. यातून ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळतं. झिंक मात्र १०-११ मिलिग्रॅमच होतं, म्हणून मोड आणि आंबवण चुकवायचं नाही आणि आठवड्यातून एकदा मटण किंवा कालवं खात असाल तर खा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर प्रथिनांचं हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ताटात सगळ्यात जास्त चुकणारं माप उसळीचं असतं: दोन चमचे उसळ म्हणजे तीन-चार ग्रॅम प्रथिन, आणि घरात सहसा तेवढीच वाढली जाते. ५० ग्रॅम कोरडी मटकी शिजून मोठी वाटी भरते.

तीन महिने हे चालवा, दर पंधरा दिवसांनी घेर मोजा, मग त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी, उपाशीपोटी पुन्हा चाचणी करा. घेर पाच सेंटीमीटर उतरला आणि आकडा ३०-४० नेच वाढला, तर दिशा बरोबर आहे, पुढे चालू ठेवा. एलएच वाढलेलं असून टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर दोष वृषणातच आहे आणि तो आहाराने भरून येत नाही. एलएच खूप कमी, प्रोलॅक्टिन जास्त, सोबत डोकेदुखी किंवा बाजूचं दिसणं कमी झालं असेल, तर तीन महिने थांबूच नका. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची तपासणी लगेच व्हायला हवी. आकडा सारखा १५० च्या खाली येत असेल, वृषण लहान वाटत असतील किंवा छाती वाढली असेल, तरही आधी एंडोक्रायनोलॉजिस्टकडे (हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरकडे) जा. तिथे इंजेक्शन किंवा जेलचा विषय निघाला, तर सुरू करण्याआधी पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची रक्तचाचणी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) तपासून घ्या. अजून मूल हवं असेल तर ते आधीच सांगा, कारण बाहेरून दिलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणू बनणं थांबवतं.